बावड्याचं केंद्र आणि शुभेच्छुक मंडळी

मानसिंग माझा धाकटा भाऊ. बारामतीत त्याची दूध डेअरी आहे आणि बावड्याचं संकलन केंद्र मी चालवते. हे केंद्र माझ्या हातानं उभं राहिलंय, हे आधीच सांगून ठेवते, कारण गेल्या उन्हाळ्यात तो ते बंद करायला निघाला होता.

"आक्का, बावडा परवडत न्हाय," माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पीत तो म्हणाला. "डिझेल, टँकरचा खोळंबा, नासकं दूध. ह्यो महिना बगतो, न्हायतर कुलूप."

खोटं नव्हतं ते. आमच्याकडं दुधाचं वजन झालं, फॅट लागलं, की आकडे मोबाइलच्या ॲपमधून बारामतीला जातात आणि तिथून पावती येते. पावतीशिवाय दूध कूलरमध्ये ओतायचं नाही, असा डेअरीचा नियम. पण पावती काही केल्या यायची नाही. स्क्रीनवर चाक गरगरत राहायचं, बाया किटल्या घेऊन ताटकळायच्या, वीज गेली की जनरेटर धडधडायचा आणि टँकरवाला लखन बाहेर मला ऐकू जाईल अशा आवाजात कुरकुरायचा. रांगेच्या शेवटी असणाऱ्यांचं दूध उन्हानं नासायचं. छबूबाईची तर एकच म्हैस. तिची किटली परत करताना माझा जीव तुटायचा. मानसिंगनं बारामतीत इंटरनेटची मोठी लाइन घेतली, मग त्याहून मोठी घेतली, तिथला कॉम्प्युटर बदलला. बिल वाढलं, चाक काही थांबलं नाही.

तेवढ्यात त्याची मुलगी स्वरूपा सुट्टीला आली. कंपन्यांची अडखळणारी ॲप पळती करून देणं, हेच तिचं पुण्यातलं काम. सकाळभर ती माझ्याशेजारी लॅपटॉप घेऊन बसली आणि मधेच खुदकन हसली. मला राग आला. इथं केंद्र बुडायला आलंय आणि ही हसतेय.

"आत्या, एकेका पावतीबरोबर बारामतीहून काय काय येतंय ते बघ तरी."

ॲपचं पहिलं पान मला पाठ होतं. वर फेटा बांधलेला, हात जोडलेला मानसिंग, बाकी सगळ्यांचा तात्या. त्याच्या वाढदिवसाला चढवलेला तो फोटो परत कुणी उतरवलाच नव्हता. खाली आम्ही सगळे केंद्रचालक, शुभेच्छुक म्हणून. एकानं गॉगल घालून मोठा फोटो पाठवला, तर दुसऱ्यानं त्याहून मोठा. दुसऱ्या ओळीत मीही होते, पैठणी नेसून. चौकातला फ्लेक्सच म्हणा ना. आणि एका म्हशीच्या दुधाची पावती काढायची, तर ही सगळी वरात दर खेपेला नव्यानं बारामतीहून बावड्याला यायची.

"लाइन कितीही मोठी घेतली तरी इथलं नेटवर्क एवढंच," स्वरूपा म्हणाली. "फोटो काढून टाकायचे. हिशोब इथंच मोबाइलवर करून पावती द्यायची. आकडे बारामतीला मागाहून जातील."

डेअरीत केंद्रचालकांची बैठक झाली. स्वरूपानं सगळं नीट समजावून सांगितलं. गॉगलवाला म्हणाला, "तात्यांचा फोटो काढायचा म्हंजी अवघड हाय. त्यापरीस बावडाच बंद करा."

माझं डोकं फिरलं. मी उभीच राहिले.

"स्वरूपा, पयला माझा काढ. मी सख्खी बहीण हाय त्याची. माझ्या शुभेच्छा फोटोबिगर बी पोचत्यात."

मंडळी हसली, गॉगलवाला सोडून. मानसिंग हसला नाही. तो लेकीकडं बघत होता. लहानपणी तिनं पहिल्यांदा सायकल चालवली तेव्हा बघत होता, तसा.

"माझा बी काढ," तो म्हणाला. "समद्यांचे काढ."

चार-आठ दिवसांनी तो स्वतः बावड्याला आला आणि कमरेवर हात ठेवून रांगेशेजारी उभा राहिला. वजन, फॅट, पावती, दूध कूलरमध्ये, पुढची बाई. वीज जायच्या आत रांग संपत आली. लखनला हातातला चहा अर्धा टाकून टँकर लावावा लागला. छबूबाई किटली रिकामी झाली तरी सवयीनं उभीच.

"झालं, जा की," मी म्हटलं.

"एवढ्यात? आन् दूध?"

"घेतलं तुझं. समदं घेतलं."

मला अभिमान वाटला, सरळ सांगते. भाचीचा वाटला, माझ्या केंद्राचा वाटला, आणि फोटो काढ म्हणणाऱ्या भावाचाही वाटला, जरी त्याला तो मी कळू दिला नाही. त्यानं तिथूनच फोन करून मोठी लाइन बंद करायला सांगितली. मग तो छबूबाईकडं वळला.

"मावशी, दुसरी म्हैस घ्या," तो म्हणाला. "केंद्र हितंच हाय."