आटवलेलं पाणी

पाणी उकळून प्या, हे तुम्ही सांगितलंत. बाळापूरकडच्या त्या गावात, जिथं विहिरीच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, तिथं येऊन सांगितलंत. घरोघर आरोग्य खात्याची माणसं पाठवलीत, भिंती रंगवल्यात. जंतू मरतात, एवढंच बोललात. मिठाचं काय होतं, ते बोलला नाहीत. ठाऊक नव्हतं म्हणू नका. त्या विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला तुम्हीच नेलं होतं.

भागीरथानं तुमचं ऐकलं. नवऱ्याच्या, देवमनच्या, किडन्या अधू झाल्यात असं अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितल्यापासून तर जास्तच ऐकलं. अडुळशाचा काढा जसा निम्मा राहीस्तोवर आटवायचा, तसं ती पाणी आटवायची. जास्त आटलं म्हणजे जास्त गुणाचं, अशी तिची समजूत. शेतातून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर आणायची, चुलीवर पाण्याचा गंज चढवायची, फडक्यातून गाळून त्याच्यासाठी वेगळ्या माठात भरायची. त्या माठाला पोरीलाही हात लावू द्यायची नाही.

"काय वं, पानी देऊन राहिली का लोनच्याचा खार?" देवमन तोंड वाकडं करायचा.

"तुमची जीभ बिघडली. या रोगात तोंडाची चव जाते म्हणतात."

"चव गेली असती त खारं लागलं असतं काय मले?"

"प्या मुकाट्यानं. लेकरावानी वाद नोका करू."

"पितो बाप्पा. तुह्यापुढं डॉक्टरचं चालत नाई, माहं काय चालते."

आणि तो तांब्या रिकामा करायचा. पाय सुजले, मग तोंड सुजलं. उन्हाळा लागता लागता तो गेला.

पोरगी पायल अकरावी सायन्सला होती. एका सकाळी ती चुलीपाशी बसून रसायनशास्त्राचा धडा मोठ्यानं वाचत होती. भागीरथा पाणी आटवत होती. आता पोरीसाठी.

"काय वाचून राहिली वं?"

"बंध, माय. कोन कोनाले किती घट्ट धरते, त्याच्यावर त्या वस्तूचा गुन ठरते. आता हे पानी. याचे कन एकमेकाले हलकेच धरून असतात. आच लागली का सुटले, झाली वाफ. मिठाचं तसं नाई. त्याच्यात आयनिक बंध. एकाले दुसऱ्याची विजेसारखी ओढ, लय घट्ट. आपल्या चुलीच्या आचेनं त्याची वाफ होतच नाई."

"पन पान्यात त विरघळते ना?"

"विरघळते. पानी त्याचे कन एकेक करून ओढून घेते. इतके बारीक होतात का फडक्यातूनही निघून जातात. पन वाफ होऊन जाते ते नुसतं पानी. मीठ मागंच."

भागीरथानं गंजात पाहिलं. काठावर पांढरी कड धरली होती.

"मंग अर्धं पानी उडालं त?"

"त अर्ध्या पान्यात सारं मीठ," पायल वर्गात बाईंना उत्तर द्यावं तशी बोलून गेली. मग तिची नजर गंजावर गेली. पुस्तक मिटून ती म्हणाली, "माय, बाबाच्या बिमारीले लय कारनं होती."

"मी कारनं नाई इचारली तुले."

तिनं गंज उचलला आणि उकिरड्यावर पालथा केला. त्या दिवशी दोघी पाणी प्यायल्याच नाहीत.

परवा तुमची गाडी पुन्हा गावात आली. समाजमंदिरात बाया जमवल्या. तुमचा साहेब खुर्चीत बसून म्हणाला, पाणी उकळून प्या.

भागीरथा उभी राहिली. "कुठलोक उकळू, सायेब?"

"चांगलं उकळा, बाई. जितकं उकळाल तितकं चांगलं."

"अन् मीठ?"

"तो विषय आमच्याकडे येत नाही. बसा तुम्ही."

ती बसली नाही. मागून मैनाबाईनं तिचा पदर ओढला, "बस वं, सायबाले घाई हाय." तिनं पदर सोडवून घेतला.

"माहा मानूस सांगत होता, खारं हाय म्हनून. म्या त्याले दाटून, जबरीनं पाजलं, तुमचं आयकून. मले दुसरं काई नोको. तो माह्या हातानं मेला का तुमच्या, तेवढं सांगा."

साहेब बाजूच्या माणसाशी गाडीचं काही बोलू लागला.

ती उभीच आहे. सांगा.