तुझाच ब्राउझर बिघडलाय

"माझं चालतंय ना? मग तुझाच ब्राउझर बिघडलाय," नवरोबांनी आतल्या खोलीतून निकाल देऊन टाकला. खुर्चीवरून उठायचे कष्टही घेतले नाहीत. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

बाहेर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेल्या स्टेनोबाई दातओठ खात होत्या. हे नाव त्यांना कचेरीत पडलं होतं. साहेबांच्या तोंडून शब्द बाहेर पडायचा अवकाश, बाईंच्या बोटांखाली तो उमटलेला असे. निवृत्तीनंतर बोटं स्वस्थ बसेनात, तेव्हा त्यांनी एक काम शोधून काढलं. एका कॉलेजात ऐकू न येणारी मुलं शिकत होती. सर वर्गात बोलत, ते बाईंनी घरबसल्या ऐकायचं आणि ब्राउझरमध्ये टाइप करत जायचं. मुलांना पडद्यावर सरांच्या चित्राखाली ती अक्षरं दिसत.

कामावर घेण्याआधी चाचणी होती. ती दोनदा फसली. ऐन रंगात आलेल्या तासाला नेट गेलं आणि अक्षरं थांबली. सरांना पत्ताच नाही, ते आपले बोलताहेत, आणि मुलं बिचारी त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत बसली. कॉलेजच्या मॅडमनी सांगून टाकलं, "आज दुपारी शेवटची संधी. नाहीतर आम्हाला दुसरं कोणीतरी बघावं लागेल." त्यात मॅडमची तरी काय चूक?

बाईंनी करायचं बाकी काही ठेवलं नव्हतं. ब्राउझरमधला जुना कचरा साफ केला. ब्राउझरच काढून पुन्हा टाकला. मग दुसराच आणला. नेटचा डबा बंद करून चालू केला. दर वेळी गाडी छान धावायची, आणि थोड्या वेळाने पडद्यावर तेच रडगाणं: कनेक्शन नाही.

"एकावेळी दहा पानं उघडून ठेवत असशील," आतून दुसरा निकाल आला.

"एकच उघडलंय!"

"मग फार वेळ चालू ठेवत असशील."

शेवटी बाईंनी नेट कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुमचा लॅपटॉप कुठल्या नावाच्या वायफायला जोडलेला आहे?"

बाईंनी नाव वाचून दाखवलं.

"हे पाहुण्यांसाठीचं आहे, मॅडम. त्याला वेळेची मर्यादा घातलेली दिसतेय. वेळ भरली की ते आपोआप तुटतं. घरात ज्यांनी हे लावलंय, त्यांना विचारा ना."

बाईंनी फोन ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली. लॅपटॉप घेतला त्या दिवशी नवरोबांनी जो पासवर्ड दिला, तो त्यांनी मुकाट्याने घेतला होता. घरात दोन पासवर्ड असतात हे कोणाच्या ध्यानीमनी असणार!

"अहो, मी ह्या घरात पाहुणी आहे का?"

"काय झालं आता?" नवरोबा दारात आले. ऐकलं आणि कपाळावर हात मारून चक्क हसले. "अगं, ते होय! माझा धाकटा भाऊ यायचा आणि सिनेमे उतरवत ठाण मांडून बसायचा. तोंडावर नाही कसं म्हणणार? म्हणून ती सोय केली होती."

"आणि मला का त्यात घातलंत?"

"तुला तेव्हा कुठे एवढं लागायचं? खरा पासवर्ड कसा, सगळ्यांना देऊन चालत नाही."

"मी सगळ्यांतली?"

"खरंच विसरलो होतो गं," ते म्हणाले. ते खरं होतं, आणि बाईंना संताप आला तो त्याचाच. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

"सरक, मी टाकून देतो."

"सांगा. मी टाकते."

नवरोबांनी एकेक अक्षर सांगितलं. ते सांगतानाही आवाज बारीक केला, जणू भिंतीपलीकडे चोर बसलेत. बाईंनी ते टाइप केलं आणि वर्गाचं पान उघडलं. मुलं येऊन बसली होती. सर यायचे होते.

तेवढ्यात मॅडमचा निरोप आला. 'मागच्या दोन्ही वेळी मुलांचा तास बुडाला. सुरू करण्याआधी त्यांना दोन शब्द लिहाल का?'

नवरोबा खुर्चीमागे उभे राहून वाचत होते. त्यांनी लगेच मजकूर सांगायला घेतला, "लिही. काही तांत्रिक अडचणीमुळे आपली गैरसोय झाली, त्याबद्दल..."

सांगितलेलं उमटवायची बाईंच्या बोटांना जन्माची सवय. ती कळांवर ठेवली होती, पण हलली नाहीत. मग हलली, आणि पडद्यावर सगळ्या मुलांसमोर अक्षरं आली.

'मुलांनो, बिघाड कुठलाही नव्हता. माझ्या घरातलं नेट माझ्या नवऱ्याने मला पाहुणीसारखं मोजून दिलं होतं. तुमचे शब्द त्यात अडकले. मला हे आज कळलं. आता मी उठणार नाही.'

"अगं, हे काय लिहिलंस!" नवरोबा किंचाळले.

बाईंनी ऐकलं नाही. सर आले होते, बोलू लागले होते, आणि खाली अक्षरं धावत होती.