अळणी

सिअ‍ॅटलला उतरायचं विमान धुक्यापायी स्पोकॅनला उतरवलं, तेव्हा मृणालिनीबाईंनी देवाला नावं ठेवली. इथून गाडी करून सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडला जाऊ म्हटलं, तर मधला घाट बर्फाने बंद. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. काउंटरवरच्या मुलीने गोड हसत हॉटेलचं कूपन हातात ठेवलं आणि सकाळी बस निघेल असं सांगितलं. तिच्या त्या हसण्याचा बाईंना इतका राग आला की त्यांनी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

रेडमंडच्या हॉस्पिटलात त्यांचे यजमान होते. उल्हासराव आठवडाभरासाठी मुलाकडे, राजीवकडे गेले होते. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून त्या ईडन प्रेरीला आपल्या घरीच राहिल्या. आणि परवा सकाळी दात घासता घासता उल्हासराव बेसिनपाशी कोसळले. स्ट्रोक. तेव्हापासून नाकात नळी, डावी बाजू लुळी, बोलणं बंद. बाईंचं देवाकडे एकच मागणं होतं. ते आहेत तोवर मला पोचव, पुढचं माझं मी बघते.

सोबत अनिका होती. राजीवची ही मुलगी तिथून जवळच मिनिआपोलिसला शिकायची आणि शनिवार-रविवारी आजीकडे येऊन पडायची. मराठी सगळं समजे, पण बोलायची वेळ आली की पोरगी इंग्रजीत पळ काढायची. सकाळपासून ती आजीच्या मागे लागली होती, काहीतरी खा म्हणून. बाईंनी चहाशिवाय कशाला हात लावला नव्हता. त्यांना नळीतून पाजतायत आणि मी इथे काय गिळू, असं त्यांचं म्हणणं.

"आजी, हॉटेलच्या समोरच जॅपनीज रेस्टॉरंट आहे. जस्ट चिकन सूप असतं. तू खा ना, प्लीज," अनिका म्हणाली. तिचा रडवेला चेहरा बघून बाई काठी घेऊन उठल्या.

रेस्टॉरंट चार-सहा टेबलांचं, काचा वाफेने धुरकटलेल्या. मालकीणबाई बाईंच्याच वयाच्या, पण पाठीत जास्त वाकलेल्या. त्यांनी टेबलावर छोटी शेगडी ठेवली, तिच्यावर मातीचं जाडजूड भांडं. आत नुसत्या पाण्यात हाडांसकट कोंबडी रटरटत होती. ना हळद, ना मिरची. बाईंनी मनात नाक मुरडलं. मग मालकीणबाईंनी डावाने दोन कपांत नुसतं पाणीच काढलं, चिमूटभर मीठ आणि जराशी कांद्याची पात घातली, आणि आधी हे प्या, कोंबडी, कोबी, मश्रूम सगळं मागाहून, असं बजावलं. शेवटी उरलेल्या पाण्यात भात शिजवतात, तो खाल्ल्याशिवाय उठायचं नाही म्हणाल्या.

बाईंनी घोट घेतला आणि कप तसाच हातात राहिला.

"अगं, हे तर अळणी आहे," त्या म्हणाल्या.

अनिकाला काही कळलं नाही. मग बाईंनी तिला सांगितलं. कोल्हापुरात कोंबडी शिजली की तिखट पडायच्या आधी तिचं पाणी बाजूला काढतात. ते अळणी. लहान पोरांना, बाळंतिणीला, आजाऱ्याला द्यायचं. उल्हासरावांचा जीव त्यात अडकलेला. जन्मभर अमेरिकेच्या ऑपरेशन थिएटरात लोकांना भूल देत हिंडलेला हा माणूस, पण स्वतःला साधी कणकण आली की आईचं बाळ. गोळी नको, सूप नको, मृणाल, अळणी कर.

सांगता सांगता बाईंनी कप संपवला. दुसराही घेतला. त्यांना एकदम भूक लागली. सकाळी राजीव फोनवर म्हणाला होता की बाबांना गिळता येतंय का ते उद्या तपासणार आहेत, जमलं तर चमचा-दोन चमचे देतील. मग कुणाच्या हातचा तो पचपचीत सरबत-ज्यूस कशाला? त्यांनी मालकीणबाईंना विचारलं, यातलं थोडं बांधून द्याल का, मीठ न घालता, माझे मिस्टर आजारी आहेत. मालकीणबाईंनी जास्त काही विचारलं नाही. गाळून देते म्हणाल्या.

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतःच्या हाताने अनिकाच्या वाडग्यात तंगडी वाढली.

तेवढ्यात राजीवचा फोन आला. आत आवाज नीट येत नाही असं म्हणत अनिका बाहेर गेली. धुरकट काचेतून तिचं लाल जाकीट तेवढं दिसत होतं. ते बराच वेळ हललं नाही. आत आली तेव्हा तिचं नाक लाल होतं, पण बाहेर थंडीच तशी होती.

"काय म्हणतो राजीव?" बाईंनी विचारलं.

अनिकाने खुर्ची पुढे ओढली. मांडीवरचा नॅपकिन सारखा केला. मग शाळेत पाठ केलेलं म्हणावं तशी, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "काही नाही. आजी, तू आधी जेवून घे."

बाईंच्या हातातल्या चॉपस्टिक्स भांड्याच्या काठावर टेकल्या.

ही पोरगी उभ्या जन्मात जेव म्हणाली नव्हती. तिचं आपलं खा. हे शब्द तिचे नव्हतेच, फोनवरून पढवलेले होते. आणि ते कुठून आले हे बाईंइतकं कुणाला ठाऊक असणार? राजीव प्राथमिक शाळेत असताना एका संध्याकाळी कोल्हापूरहून फोन आला होता, सासरे गेल्याचा. उल्हासराव ड्यूटीवरून दमून, भुकेने कावून घरी आले. वाईट बातमी उपाशी पोटी सांगत नाहीत, एकदा कानावर पडली की घास उतरत नाही. म्हणून बाईंनी राजीवला डोळ्यांनी दटावलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, आधी जेवून घ्या. ते चवीने जेवले, भात मागून घेतला, वर काहीतरी विनोद केला. मग त्यांना सांगितलं. ते चिडले नाहीत. पुढे कधीतरी एवढंच म्हणाले, तू वाढत होतीस तेवढा वेळ बाबा फक्त माझ्यापुरते जिवंत होते. त्यानंतर त्या घरात पानं घेतली म्हणत, चला जेवायला म्हणत, पण ते तीन शब्द कुणी कुणाला म्हटले नाहीत. राजीवच्या मात्र ते पक्के लक्षात राहिले होते. आईच्याही राहिले असतील, हे त्या शहाण्याला सुचलं नाही.

विचारावं का? ओठांवर आलेलं त्यांनी परत गिळलं. विचारलं की संपलं. हंबरडा फोडावा असं आतून उसळत होतं, पण जोवर आपण जेवतोय तोवर ही पोर तोंड उघडणार नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी कोंबडीचा तुकडा आंबट सॉसमध्ये बुडवला आणि चावला. चव कशाचीच लागेना. त्यांनी कोबी खाल्ला, मश्रूम खाल्ले, हाडं चोखली. नवऱ्याला तेवढंच आणखी थोडं राहू द्यायचं होतं. अनिका मान खाली घालून समोरचा वाडगा नुसता ढवळत होती.

मालकीणबाई भात घेऊन आल्या. दुसऱ्या हातात झाकण घट्ट लावलेला प्लास्टिकचा डबा होता, अजून गरम. तुमच्या मिस्टरांसाठी, असं म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी बाईंपुढे ठेवला. अनिकाने डब्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात दाबला.

बाईंनी डबा जवळ ओढला. तळव्यांना ऊब लागली. मग त्यांनी झाकण काढलं आणि ते सगळं अळणी मातीच्या भांड्यात परत ओतलं.

"भात यातच करा," त्या मालकीणबाईंना म्हणाल्या.

मालकीणबाईंनी भात आत सोडला, वर अंडं फोडलं. अनिकाचे डोळे वाहायला लागले. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. भात शिजला, तसा त्यांनी वाढून घेतला आणि शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. चमचा उपडा ठेवला. आता लांबवायला पानात काही उरलं नव्हतं.

"झालं माझं जेवून," त्या म्हणाल्या. "किती वाजता गेले?"

"दुपारी." अनिकाला हुंदका आवरेना. "वुई वेअर ऑन द प्लेन, आजी. बाबा म्हणाला, तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस, सो..."

म्हणजे धुक्यापायी देवाला नावं ठेवली तेव्हा ते नव्हते. घाट बंद म्हणून जीव टांगणीला लागला होता, तेव्हाही नव्हते. अळणी बांधून मागितलं तेव्हा तर नव्हतेच. दुपारपासून आत्तापर्यंत ते बाईंच्या एकटीपुरते होते, आणि तेवढ्यात बाईंनी दोन कप अळणी पिऊन त्यांचं कौतुक सांगितलं होतं.

बाईंनी नॅपकिनने तोंड पुसलं आणि काठी शोधायला हात खाली घातला. ती सापडेना.

"बाबाला फोन लाव," त्या म्हणाल्या. "त्याला म्हणावं, आजी जेवली."