ब्रेक नसलेला कटर

हे सांगू की नको, असं बराच वेळ चाललं होतं माझं. जवळजवळ गप्पच बसणार होतो. एक तर दमलोय. दुसरं म्हणजे मी तोंड उघडलं की लोक कानात बोटं घालतात, त्यामुळे बोलायची हौस केव्हाच फिटलीय. पण आत्ता मी बंद आहे, झाडाखाली पोत्यावर आडवा पडलोय, जेवणाची सुट्टी झालीय. मनात आलंय तर सांगून टाकतो. परत सुरू होईन की नाही, याची मलाच खात्री नसते हल्ली.

मित्रांनो, मी एक जुना चेनसॉ आहे. झाडं कापायची पेट्रोलवरची करवत. कामावर मला सगळे कटर म्हणतात.

जन्म कारखान्यातला. त्यातलं फारसं आठवत नाही, एवढंच की जिकडे बघावं तिकडे मीच होतो. पुढे मी, मागे मी. मग खोका, मग ट्रक, मग दुकानाची काच. तिथला दुकानदार भला माणूस होता. गिऱ्हाईक आलं की तो आधी माझी धार नाही दाखवायचा, ब्रेक दाखवायचा. माझ्या पुढच्या मुठीसमोर एक काळी पाती असते. ती पुढे ढकलली की चेन जागच्या जागी थांबते, मागे ओढली की मोकळी होते. "मशीन उसळलं तर मनगट या पातीवर आपटतं आणि चेन थांबते. तुम्हाला विचारही करावा लागत नाही," असं तो सांगायचा. गिऱ्हाइकं मान डोलवायची आणि विचारायची, "ते ठीक आहे हो, पण कापतो कसा?"

मला ज्यानं घेतलं त्यानंही हेच विचारलं. तो माझा मालक. झाडं छाटायची कामं घेतो. त्याच्याबरोबर कायम एक उंच, किडकिडीत माणूस असतो, त्याला सगळे लांब्या म्हणतात. दोघं चड्डीत असल्यापासूनचे दोस्त. मालक झाडावर चढतो, लांब्या खाली दोर धरतो. फांदी आधी दोराला बांधायची, मग मालक कापणार, आणि लांब्या दोर सैल सोडत सोडत ती अलगद खाली घेणार. म्हणजे कुणाच्या गाडीवर नको, पत्र्यावर नको. मालकाच्या कमरेला बांधलेला दोरही लांब्याच्याच हातात. माझ्या आवाजात ओरडून काही कळत नाही, म्हणून त्यांचं सगळं बोलणं दोरावर चालतं. लांब्यानं खालून झटका दिला की मालक थांबतो. नवरा-बायकोत नसेल एवढा समजूतदारपणा त्या दोरात होता.

चांगले दिवस होते ते. वादळ झालं की पहिला फोन मालकाला. रस्त्यावर आडवं पडलेलं झाड, दोन्हीकडे गाड्या अडकलेल्या, लोक वैतागलेले, आणि मालकानं मला नुसता हातात घेतला की सगळे बाजूला व्हायचे. एका झटक्यात सुरू व्हायचो तेव्हा. ओल्या लाकडात लोण्यासारखा जायचो. रस्ता मोकळा झाला की कुणीतरी मालकाची पाठ थोपटायचं आणि मालक माझी. "वाघ आहे माझा," म्हणायचा. संध्याकाळी लांब्या मला पुसायचा, कानस घेऊन एकेका दाताला धार लावायचा आणि तोंडानं त्याची टकळी चालू. त्याच्या मेव्हण्याची भांडणं, त्याच्या घरमालकाची नाटकं, सगळी मला पाठ आहेत.

मग ती तार आली.

झालं असं, की झाडावर दाट फांद्यांत काम करताना डहाळ्या माझ्या पातीला लागायच्या आणि ब्रेक बसायचा. मालकाचा एक हात खोडाला, एक माझ्यावर. ब्रेक सोडवायला खोड सोडावं लागायचं. दिवसातून कितीदा तरी. एकदा असाच वैतागून त्यानं खाली हाक मारली, "लांब्या, तार आहे का रे?" लांब्यानं तार दिली. मालकानं पाती मागे ओढली आणि मुठीला घट्ट बांधून टाकली.

"आजच्यापुरतं," तो म्हणाला.

मित्रांनो, मशीनच्या आयुष्यात या शब्दाइतकं टिकाऊ काही नसतं. ती तार गंजून लाल झाली तरी तिथंच होती. पुढे बाजूचं कव्हर फुटलं, ज्याच्या आत ब्रेकचा पट्टा असतो. मालकानं बाजारातून स्वस्तातलं कव्हर आणून लावलं, त्यात पट्टाच नव्हता. "नाहीतरी बांधूनच ठेवलाय," तो म्हणाला, आणि त्याचं काही चुकत होतं असं तेव्हा मलाही वाटलं नाही.

मग माझी उतरती कळा लागली. स्टार्टरची दोरी तुटली, तिथं कपडे वाळत घालायची दोरी आली. हवेच्या फिल्टरच्या जागी भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा. पेट्रोलच्या टाकीला बाटलीचं झाकण आणि वर प्लास्टिकची पिशवी. पिस्टन झिजला, अंगात दम राहिला नाही. सुरू करायचं म्हणजे ओढ, परत ओढ, चोक दे, प्लग काढून पूस, दोन शिव्या घाल, परत ओढ. घरी नेलं की वहिनी, म्हणजे मालकाची बायको, नाकाला पदर लावायची. "हा घरात आला की पेट्रोल पंपावर संसार केल्यासारखं वाटतं. सुरू तरी होतो का?"

"होतो," मालक म्हणायचा.

"तुम्हीसुद्धा सकाळी असेच सुरू होता."

एकदा सुरू झालो की मग मला बंद करायला कुणी तयार नसायचं. एकच मशीन, दोघांचं काम. वर मालकानं फांदी उतरवली की शिडीच्या शेवटच्या दोन पायऱ्या उरेपर्यंत खाली यायचं आणि मला चालूच लांब्याच्या हातात द्यायचं. तो खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे करणार, मग मला चालूच वर परत. त्यात क्लचच्या स्प्रिंगा ढिल्या झालेल्या. रेस सोडली तरी माझी चेन हळूहळू फिरतच राहायची. थांबावंसं मलाही वाटायचं, पण थांबायला लागतं ते माझ्यात काही शिल्लकच नव्हतं.

एका बेकरीच्या मागच्या अंगणात काम होतं. मालकानं शिडीवरून मला खाली धरला, लांब्यानं हात वर केले, तेवढ्यात पायाखालचं ओलं लाकूड सरकलं. तो खाली बसला आणि मी त्याच्या मांडीवर.

जास्त सांगत नाही. त्याची पँट जाड होती, ती चेनमध्ये गुंडाळली गेली आणि मी अडकून बंद पडलो. कधी नव्हे ते वेळेवर बंद पडलो. बेकरीवाल्यानं पिठाच्या हातांनी फडकं बांधलं, गाडी काढली. टाके पडले. डॉक्टर म्हणाले, हाडाला लागलं नाही, नशीब समजा.

मालक मला तिथंच विसरून गेला. भुश्यात पडलो होतो, तोंडात लांब्याच्या पँटचा तुकडा घेऊन.

लांब्या घरी बसला आणि माझा प्रश्न निघाला. दुरुस्ती की नवीन? नवीन चांगला कटर मालकाच्या आवाक्याबाहेर. स्वस्तातला नवीन मिळत होता, पण त्याचे पार्ट मिळत नाहीत म्हणून मालकाला नको. एका मोठ्या कॉलनीतली सगळी झाडं छाटायचं काम तोंडाशी आलं होतं. मालक मला घेऊन मेकॅनिककडे गेला. लंगडत लांब्याही आला, घरी बसून त्याला बोलायला कुणी मिळत नव्हतं.

मेकॅनिकनं मला उघडला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. "हा स्पंज कुणाच्या घरचा?"

"माझ्या," मालक म्हणाला.

"वहिनीला परत दे." मग त्यानं हात पुसले. "हे बघ. पिस्टन आणि सिलिंडर बदललं तर पहिल्यासारखा एका ओढीत सुरू होईल. नाहीतर ब्रेकवालं कव्हर आणि क्लचच्या स्प्रिंगा. दोन्ही करायचं असेल तर तुला परवडणार नाही, मला माहितीये."

"पिस्टन घाल," मालक लगेच म्हणाला. "सुरूच होत नाही तर ब्रेक काय पूजायला?"

लांब्या बाकावर पाय लांब करून बसला होता. तोंडाला कधी कुलूप नसलेला माणूस गप्प बसला, म्हणून मेकॅनिकनंही मान वर केली.

"बोल ना," मालक म्हणाला. "मशीन लवकर सुरू झालं की बंद करायला काय? बंद करून देत जाईन."

"तू?" लांब्या म्हणाला. "तुझ्या घरचा नळ तुझ्याच्यानं बंद होत नाही. वहिनी येते मागून."

"मस्करी नकोय."

"मी कुठं करतोय. तू आजवर याला जेवढं सामान आणलंस ना, सगळं कापायला आणलंस. दोरी, चेन, प्लग. थांबायला काही आणलंस का एकदा तरी? मी परत दोर धरीन. दुसरं येतंय काय मला? पण ब्रेक नसेल तर नाही धरणार. तू दुसरा माणूस बघ."

मालकाला राग आला. दुसरा माणूस मिळतो म्हणाला, कितीतरी मिळतात म्हणाला. मग बाहेर जाऊन उभा राहिला. पण कमरेचा दोर त्या कितीतरी जणांतल्या कुणाच्या हातात द्यायचा, हे काही त्याला सुचलं नसावं. आत आला तेव्हा माझ्याकडे न बघता मेकॅनिकला म्हणाला, "ब्रेक घाल."

मेकॅनिकनं ती गंजकी तार पकडीनं कापली आणि माझी पाती कितीतरी काळानं हलली. दुखलंच थोडं. न वापरलेलं सगळंच दुखतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात जुनी मशीनं असतील. पंखा असेल, मिक्सर असेल, सायकल तर असेलच. ती चालते का, एवढंच बघू नका. ती थांबते का, तेही बघा. दुरुस्तीला पैसे कमी असले तर आधी ते दुरुस्त करा, जे चाललं नाही तर माणसाला इजा होते. बाकीचं नंतर. आणि 'आजच्यापुरतं' म्हणून काही बांधाल, तर संध्याकाळी आठवणीनं सोडा. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही नुसते चालत राहतो.

एवढं सांगून संपवणार होतो. पण आज सकाळचं राहिलं.

आज त्या कॉलनीतलं पहिलं झाड. लांब्याचा पाय अजून पूर्ण बरा नाही, तरी दोर धरून उभा होता. मला सुरू करता करता मालकाचा घाम निघाला. पिस्टन तोच ना, जुना. कसाबसा पेटलो, वर गेलो. झाड दाट होतं. पहिल्या फांदीलाच डहाळी पातीला लागली आणि खट. ब्रेक. मालकानं सोडवला. परत खट. त्यात मी थंड होऊन बंद पडलो. त्यानं फांदीवर बसून मला ओढला, ओढला, ओढला. पेटलो. परत खट.

खाली कॉलनीचा सेक्रेटरी हात मागे बांधून फिरत होता. "अहो, संध्याकाळपर्यंत एक तरी झाड होईल ना?"

मालकानं खाली बघितलं. "लांब्या. तार दे."

लांब्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

"तार दे रे, गाडीत आहे. एवढ्या झाडापुरती."

"खाली ये," लांब्या म्हणाला.

"आता कशाला?"

"मी दोर सोडणार आहे. तू वर असताना नाही सोडणार, म्हणून खाली ये म्हणतोय."

तो हे भांडल्यासारखं बोलला नाही. बस चुकली तर माणूस सांगतो तसं बोलला. मालकानं शिडीकडे पाय सरकवला. मग शिडीवरून उतरायला लागला. मी चालूच होतो, धापा टाकत. सवयीनं दोन पायऱ्या वर थांबून त्यानं मला खाली धरला, आणि सवयीनं लांब्याचे हात वर आले. आणि अर्ध्यात थांबले. पुढे येईनात. एवढी बडबड करणारा माणूस, पण ही भीती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. मालकानं ते हात बघितले.

त्यानं अंगठ्यानं माझं बटण खाली दाबलं. मी बंद झालो. एकदम शांतता झाली, पाखरं बोलत होती ते तेव्हा कळलं.

"अहो, बंद का केलं?" सेक्रेटरी म्हणाला.

"जेवायला," मालक म्हणाला.

"आत्ता? अकरा वाजलेत."

"आम्ही लवकर जेवतो."

मला पोत्यावर ठेवून दोघं सावलीत बसले. डबे उघडले नाहीत. लांब्या दोराचं टोक उलगडत, गुंडाळत होता. मग मालक बोलला. त्याच्याकडे न बघता, माझ्याकडे बघत.

"तार नाही बांधणार. आणि खाली देताना बंद करून देईन. दर वेळी. मग परत सुरू करताना माझा खांदा निखळला तरी चालेल."

"आणि सेक्रेटरी?"

"बोंबलू दे त्याला. मी विसरलो, तर तू हात वर करायचाच नाही. मी शिडीवर उभा राहीन तसाच. पण तुझ्या हातात चालू कटर परत देणार नाही, लांब्या. शब्द देतो."