नकाशातली पाहुण्यांची खोली

ललितचा लेबलांवर भारी जीव. जळगावच्या ज्या आर्किटेक्टकडे तो नकाशे काढायचा, तिथली बाकीची मंडळी भिंती ओढून मोकळी व्हायची. हा पठ्ठ्या मात्र खोलीचं नाव कुठल्या अक्षरात शोभेल, खाली रेघ एक हवी की दोन, यात चहा थंडगार करून टाकायचा. सॉफ्टवेअरमध्ये त्याने स्वतःचा साचाच करून ठेवला होता. खोली आखली की नाव आणि माप आपोआप येऊन बसायचं, आणि नकाशाखाली ठसठशीत शीर्षक. साहेब म्हणायचे, "घर वाकडं झालं तरी चालेल, ललितचं लेबल सरळ पाहिजे!"

अशा माणसाला स्वतःच्याच घराचा नकाशा काढायला मिळाल्यावर काय विचारता! पाचोऱ्याजवळच्या गावातलं जुनं घर पाडून नवं बांधायचं, असं त्याच्या वडलांनी, पुनाआबांनी, ठरवलं होतं. ललितने मोठ्या हौसेने नकाशा केला, खाली दोन रेघा मारून शीर्षक दिलं, 'तळमजला: श्री. पुना कौतिक बोरसे यांचे प्रस्तावित निवासस्थान', आणि घरच्या ग्रुपवर टाकला. आई, वच्छलाबाई, शेजारणींना मोबाईल दाखवत सुटली. साक्रीला दिलेल्या थोरल्या बहिणीने, मेघाअक्काने, मात्र नुसता अंगठा पाठवला.

आता अक्का म्हणजे मोरीचा नळ कुठे हवा यावरसुद्धा लांबलचक बोलून पाठवणारी बाई. तिचा नुसता अंगठा? काहीतरी बिनसलंय, हे ललितने ओळखलं. अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी, जवळ आली होती. त्याने फोन लावला. "अक्का, आखाजीला कधी येतेस?"

"बघू," अक्का म्हणाली. "पाहुण्यांनी ऊठसूट येऊ नये." आणि फोन ठेवला.

ललितने नकाशा पुन्हा उघडला आणि कपाळावर हात मारला. अक्का माहेरी आली की जिथे अंथरूण टाकायची, त्या मागच्या खोलीत साच्याने आपलं ठरलेलं लेबल चिकटवलं होतं: 'पाहुण्यांची खोली'. आणि खाली त्याच्या लाडक्या दोन रेघा! मी नाही, साच्याने लिहिलं, हे कुणाला सांगायचं आणि कुणी ऐकायचं? अहो, साचा तरी कुणी बनवला होता?

आईला कळलं तेव्हा तिने हातातलं लाटणं त्याच्यावरच रोखलं. "पोर आखाजीले नही उनी तर कशानी आखाजी! जाय, तूच लई ये तिले."

आखाजीला लेकीला आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो, ही आमच्याकडची रीतच. पण लॅपटॉप पाठीवर मारून गेलेला मुराळी ललितच पहिला असावा. धुळ्याला गाडी बदलून, भर उन्हात, तो साक्रीला अक्काच्या दारात उभा राहिला.

"या या, पाहुणे!" अक्काने हसून दार उघडलं. ते हसणं बघूनच ललितचं धाबं दणाणलं.

अक्काने खुर्चीवर नवी चादर अंथरली. ट्रेमधून पाणी आणलं. ठेवणीतल्या कपबशीत चहा, शेजारी बिस्किटं. "घ्या ना पाहुणे. संकोच करू नका. घरी सगळे बरे आहेत ना?" ओट्यावर बसलेली तिची सासू, धुरपदाबाई, पदर तोंडाला लावून हसत होती. ज्या अक्काने लहानपणी याचं बखोट धरून आंघोळ घातली, तिने 'अहो-जाहो' करावं? ललितला बिस्कीट गिळवेना.

"अक्का, चुकलो गं," त्याने लॅपटॉप उघडला. "बघ, आत्ता बदलतो." आणि त्याने टाइप केलं: 'मेघाअक्काची खोली'.

"आणि मी नसेन तेव्हा तिच्यात काय, कांदे भराल?" अक्का म्हणाली. "खोली नको रे मला. खोली इथंही आहे." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हे पुढे काय दाखवलंयस?"

"पोर्च. गाडीसाठी."

"तिथं निंब होता."

होताच. दर आखाजीला झोका त्यालाच बांधायचे. गेल्या पावसाळ्यात वादळाने उन्मळून पडला होता.

"नकाशा आला तेव्हा मी आधी ती जागा शोधली," अक्का म्हणाली. "म्हटलं, झोका कुठं बांधणार ते दाखवलं असेल. तर तिथं गाडी! मग ते पाहुण्यांचं वाचलं. वाटलं, खरंच आहे, आता तिथं माझं काही नाही. लई रडले रे मी."

ललितचेही डोळे भरून आले. दारं, खिडक्या, पंखे, पाण्याची टाकी, सगळ्याला त्याने लेबल लावलं होतं. आणि अक्काचा झोका तेवढा राहिला! त्याने नाक पुसलं, पोर्चच्या छताला एक बाण काढला आणि लिहिलं: 'झोक्यासाठी लोखंडी कडं. स्लॅब भरण्याआधी बसवणे.'

"साधं कडं नाही चालायचं," अक्का जवळ सरकली. "आम्ही तिघी मैत्रिणी एकदम बसतो."

ललितने खाली लिहिलं, 'तीन बायकांचा भार.'

"चार लिख," ओट्यावरून धुरपदाबाई ओरडली. "मी बी येसू!"

चार लिहिलं. 'मेघाअक्काची खोली' पुसून, आधी घरात म्हणायचे तसं 'मागची खोली' केलं. ते पाहुण्यांचं लेबल साच्यातूनही काढून टाकलं. मग तो शीर्षकाकडे वळला. आबांच्या नावाची प्रत ग्रामपंचायतीसाठी वेगळी ठेवली, आणि मिस्त्रीच्या प्रतीवर, खाली दोन रेघा मारून, लिहिलं: 'तळमजला: मेघाचं माहेर'.

अक्काने ते दोनदा वाचलं. पदराने डोळे पुसून पिशवी भरायला उठली.

"यंदा मळ्यातल्या आंब्याला बांधू झोका," ललित मागून म्हणाला.

"बांधशीलच, न बांधून सांगतोस कुणाला!" अक्का आतून कडाडली. "आणि ललित्या, तो कप विसळून ठेव आधी. मोठा पाहुणा लागून गेलास!"

ललितने कपाबरोबर बशीही विसळली.