फण्यावरचं दूध

"मावशी, त्याला पाणी द्यावं असं लय वाटलं ना, की दुसऱ्या खोलीत निघून जायचं. अन् दिलंच तर बुडाशी. फण्यावर एक थेंब न्हाई."

संघप्रियाचा हा आवाज नर्मदाबाईंच्या कानात रोज सकाळी वाजायचा, आणि रोज सकाळी त्या भरलेला तांब्या घेऊन मधल्या खोलीच्या खिडकीपाशी थबकायच्या. लग्न होऊन झरी गावात आल्यापासून त्यांचा नेम होता. अंघोळ झाली की तुळशीला पाणी, मग दारच्या उंबराला, मग परसातल्या पारिजातकाला. त्यानंतर पोथीचा अध्याय, आणि मगच चहाचा घोट. घरचं झाड तहानलेलं ठेवून आपण प्यायचं, हे त्यांच्या जिवाला कधी मानवलं नव्हतं. आणि आता घरात असं एक झाड आलं होतं, की वीस-वीस दिवस पाणी न देणं हीच त्याची सेवा.

झाड म्हणजे निवडुंग. पण उभा वाढणारा नव्हे. वीतभर रुंद, पंख्यासारखा आडवा पसरलेला, कडेला लुगड्याच्या निऱ्यांसारख्या घड्या आणि त्यांच्यावर बारीक पांढऱ्या काट्यांची लव. संघप्रिया त्याला फणा म्हणायची. ती गावातल्या दवाखान्यात नर्स. तीन वर्षं नर्मदाबाईंच्या बाहेरच्या खोलीत भाड्यानं राहिली आणि हळूहळू आतल्या घरातलीच झाली. तिचे वडील परभणीला एका रोपवाटिकेत माळी होते. निवडुंगाची शेकडो रोपं सरळ वाढत असताना एकच वेडंवाकडं पसरायला लागलं. मालक म्हणाले, फेकून द्या. वडिलांनी ते डालड्याच्या डब्यात घालून घरी आणलं. वडील जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

जूनमध्ये संघप्रियाला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला नागपूरला जावं लागलं. तिथल्या हॉस्टेलच्या खोलीत ऊन येत नाही म्हणून तिनं कुंडी नर्मदाबाईंच्या खिडकीत ठेवली. कुंडीत मुरूम, जाडी वाळू आणि विटांचा चुरा होता.

"आपल्या काळ्या मातीत हे आठ दिवसांत सडतं, मावशी. ती पाणी धरून बसती," ती म्हणाली. मग कुंडीला हात लावून, "बाबांच्या हातचं एवढंच जित्तं राहिलंय."

नर्मदाबाईंनी तिचा हात हातात घेतला. "जित्तंच तुझ्या हातात परत देईन, पोरी."

शेजारच्या सरजाबाईंना मात्र ही वस्तू पहिल्या दिवसापासून खुपली.

"घरात काटा कशाला व ठेवलाव, अक्का? भांडणं लागतेत."

"माझं अन् वैष्णवीचं भांडण लागायला काटा कशाला पायजे?" नर्मदाबाई हळूच म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरातून सुनेच्या हसण्याचा आवाज आला.

दीड महिना सगळं नीट चाललं. नर्मदाबाई खिडकीपाशी यायच्या, कुंडीतल्या खड्यांत बोट घालून बघायच्या, ऊन कुठवर आलंय ते पाहून कुंडी थोडी फिरवायच्या आणि तांब्या तसाच माघारी न्यायच्या.

मग नागपंचमी आली. शिवेवरचं वारूळ यंदा नव्या रस्त्याच्या कामात गेलं होतं. ताटं घेऊन गेलेल्या बाया तशाच परतल्या. सरजाबाई पूजेचं ताट हातात घेऊन नर्मदाबाईंकडे टेकायला आल्या आणि त्यांची नजर खिडकीकडे गेली.

"अगं माय! ह्यो बघा, कसा फणा काढून बसलाय! वारूळ सोडून नागोबा तुमच्याच घरी आलाय की, अक्का."

"काल काटा हुता, आज नागोबा झाला व्हय?" वैष्णवी म्हणाली.

"तू गप गं!"

पण नर्मदाबाईंना ते दिसलं, आणि एकदा दिसलं की डोळ्यांपुढून जाईना. सरजाबाईंनी कुंडीला हळदकुंकू लावलं, पुढ्यात लाह्या ठेवल्या आणि दुधाची वाटी नर्मदाबाईंच्या हातात दिली. घर तुमचं, मान तुमचा, त्या म्हणाल्या. संघप्रियाचा आवाज कानात होताच. नर्मदाबाई मनाशी म्हणाल्या, ती पाण्याचं बोलली होती. हे दूध आहे. वर्षातून एकदा, एकच चमचा. त्यांनी डोळे मिटून चमचा फण्यावर रिता केला. दूध घड्यांमध्ये उतरलं आणि तिथंच बसलं.

त्यानंतर आभाळ आठ दिवस उघडलंच नाही. नवव्या दिवशी खिडकीपाशी आंबूस वास आला. नर्मदाबाईंनी फण्याच्या कडेला बोट लावलं, तर ते पिकल्या केळात शिरावं तसं आत गेलं. रुपयाएवढा तपकिरी डाग पडला होता.

त्याच दिवशी, रविवारी, संघप्रियाचा नेहमीचा फोन आला. "मावशी, फणा कसाय?"

"बरा हाय," नर्मदाबाई म्हणाल्या.

फोन ठेवला आणि त्या देवापुढं बसल्या. माळ हातात होती, पण मणी कितवा ते कळेना. मनात नावाच्या जागी 'बरा हाय, बरा हाय' एवढंच फिरत होतं. सकाळी उठून पाहतात तर डाग दोन बोटं पसरलेला. सोमवार होता, उपास होता, पण चहासुद्धा घशाखाली गेला नाही.

"वैष्णवी, संघप्रियाला फोन लाव. ती दिसती तसला."

"आता? ती क्लासला निघाली असंल, आत्या."

"लाव तू."

संघप्रियाचा चेहरा पडद्यावर आला. खांद्याला पिशवी, केस अजून ओले.

"पोरी, म्या काल खोटं बोलले," नर्मदाबाईंनी एका दमात सांगून टाकलं. "फणा सडायलाय. नागपंचमीला त्याच्यावर दूध घातलं."

संघप्रिया पडद्याच्या जवळ आली.

"कुणी घातलं?"

सरजाबाईंचं नाव जिभेवर आलं होतं. नर्मदाबाईंनी ते गिळलं. "म्याच."

संघप्रियानं पिशवी खाली ठेवली. मग तिचा आवाज दवाखान्यातला झाला. "वैनी, मोबाईल जवळ धरा. उजेडात. अजून खाली. बूड मऊ लागतंय का बघा."

वैष्णवीनं दाबून पाहिलं. "लागतंय. एक बाजूच तेवढी घट्ट हाय."

"मग कापावं लागंल, मावशी. आत्ताच. माझ्या कपाटात स्पिरिट हाय, त्यानं सुरी पुसा. दर कापाला परत पुसायची."

नर्मदाबाईंनी कुंडीवरच्या कुंकवावर बोट ठेवलं. "म्या त्याला हळदकुंकू वाह्यलंय गं. पुजलेल्याला सुरी कशी लावू?"

"मावशी," संघप्रिया म्हणाली, आणि आता तो आवाज दवाखान्यातला नव्हता. "बाबांच्या पायाचं बोट काळं पडलं तवा आमी पण असंच म्हणत बसलो. जित्त्या माणसाचं बोट कसं कापायचं. त्यात आठ दिवस गेले. मग पाय गेला. मग बाबा."

नर्मदाबाईंनी कुंडीपुढं हात जोडले. तोंडातल्या तोंडात काही म्हणाल्या आणि सुरी घेतली.

पहिली चकती आतून काळपट निघाली. सुरी पुसली. दुसरीत तपकिरी कडं होतं. पुसली. तिसरीत सुईच्या टोकाएवढे ठिपके. "अजून," पलीकडून आवाज आला. "एक ठिपका ऱ्हायला तरी परत सडंल." चौथा काप कोवळ्या काकडीसारखा निघाला, कुठं डाग नाही. हातात उरलं होतं ते अर्ध्या तळव्याएवढं, दोन घड्यांचं.

"स्वच्छ हाय," संघप्रिया म्हणाली. "पण ह्याला आता मूळ न्हाई. असल्या दमट हवेत मूळ फुटायची वाट बघत बसलो तर हे बी जाईल. कलम करायला पायजे. बाबांसंगं काम केलेले मुंजाजीकाका हायेत, परभणीत स्टेशनाच्या पल्याड त्यांची रोपं असतेत. ते ड्रॅगनफ्रुटच्या तिधारी खोडावर बांधून देतेत. पण काप ताजा पायजे."

"जगंल का?"

"ठाऊक न्हाई, मावशी."

"रागावलीस?"

"लय रागावलेय." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "चहा तरी घेतलाव का तुमी? तोंड बघा कसं सुकलंय."

फोन बंद झाल्यावर नर्मदाबाईंनी चूळ भरली, वैष्णवीनं दिलेला चहा उभ्यानंच घेतला आणि धुतलेलं लुगडं नेसल्या. स्टीलच्या डब्यात कोरा कागद अंथरून त्यावर तो तुकडा कापाची बाजू वर करून ठेवला. झाकण लावलं नाही, घाम धरेल म्हणून.

"मी येऊ का, आत्या?"

"तू घर बघ. संघप्रियानं धाडलेला मुंजाजींचा नंबर तेवढा चिठ्ठीवर लिहून दे."

दारात सरजाबाई भेटल्या. "सोमवारचं कुठं निघालाव, अक्का?"

"परभणीला. काम हाय जरा."

बाहेर भुरभुर चालू होती. नर्मदाबाईंनी पदर डब्यावर धरला, काट्यांना लागणार नाही असा, आणि चिखलाची कड धरून एक-एक पाऊल टाकत त्या स्टँडच्या वाटेला लागल्या.