कुमारकाकांनी टाकलेला शब्द

प्रयोगशाळांमधल्या पिपेट, म्हणजे द्रव मोजून घ्यायच्या नळ्या, अचूक माप देतात की नाही, हे तपासून देण्याचा रुचाचा व्यवसाय. नोकरी सोडून तिने तो अमेरिकेतल्या कॅरी गावात सुरू केला. हाताखाली दोन तंत्रज्ञ. एका औषध कंपनीचं कंत्राट शुक्रवारी ठरणार होतं; स्पर्धेत पिपेट तपासणारी एक मोठी कंपनीही होती. ते हुकलं, तर दोघांना काढून तिला पुन्हा नोकरी शोधावी लागणार होती.

कंत्राट देणारी लिंडा पूर्वी कुमारकाकांच्या हाताखाली होती. काका आता निवृत्त, आणि महाराष्ट्र मंडळाने रुचाला नेमून दिलेले मेंटॉर. वर्षभर त्यांनी तिच्याकडून बिझनेस प्लॅन पुन्हा पुन्हा लिहून घेतला, स्लाइड्सचे रंग बदलून घेतले. लिंडाला फोन करतो, असं मात्र एकदाही म्हणाले नाहीत. रुचानेही मागितलं नाही. मागायचं नसतं, हे तिलाही घरूनच शिकवलेलं.

गुरुवारी दुपारी आपल्या घरी तिच्या स्लाइड्स बघताना काका म्हणाले, "ह्या स्लाइडचा फॉन्ट जरा..."

"काका, फॉन्ट राहू दे. लिंडाला फोन करा ना."

काकांनी चष्मा काढला. "रुचा, उभ्या आयुष्यात मी कुणाकडे शब्द टाकला नाही. आपल्या ईशानसाठी, पोटच्या मुलासाठीसुद्धा नाही."

"तो अजून ऐकवतो ते," मृणालिनीकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "करा फोन."

काकांनी स्पीकर लावला. आधी हवेच्या गप्पा, मग लिंडाच्या कुत्र्याची चौकशी. मग अवघडून इंग्रजीत म्हणाले, "आमच्या ओळखीची एक मुलगी आहे, धडपडते आहे. छोटंसंच काम आहे तिचं. तुझ्यावर अजिबात प्रेशर नाही. मोठी कंपनी योग्य वाटली, तर खुशाल त्यांनाच कंत्राट दे. आम्हाला वाईट वाटणार नाही."

"थँक्यू, कुमार! मी तिकडेच झुकले होते. आता मनावरचं ओझं उतरलं."

काकांनी रुचाकडे समाधानाने पाहिलं. शब्द टाकून झाला होता.

रुचाने त्यांच्यासमोरचा फोन ओढून घेतला. "लिंडा, ती मुलगी मीच. मला वाईट वाटेल. मोठी कंपनी पिपेट कित्येक आठवडे अडकवून ठेवते, मी दोन दिवसांत परत देते. निर्णयाआधी मला भेटा."



"उद्या सकाळी आठला ये," लिंडा म्हणाली.

फोन बंद झाला. काकांचा चेहरा उतरला होता. "असं तोंडावर मागतात का गं? निदान थँक्यू तरी म्हणायचंस."

"उद्या म्हणते," रुचा म्हणाली आणि चहा तसाच ठेवून तंत्रज्ञांना फोन लावायला बाहेर पडली.